व्याख्या मान्य आहे

"आळस म्हणजे काय?" बोधनकर सरांनी फळ्यावर खडू टेकवून विचारलं.

मनोहर पाचपोरनं जांभई दिली.

"हे उदाहरण झालं, पाचपोर. मी व्याख्या मागितली."

"सर, दुपारचं जेवण झालंय," मनोहर म्हणाला. "आत्ता उदाहरणच जमेल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मला त्या खोलीत येऊन दोनच दिवस झाले होते आणि आपल्याला खरंच तिथं बसायला सांगितलंय, यावर माझा अजून विश्वास बसत नव्हता.

आमचं कॉलेज वऱ्हाडात, आणि तेव्हा ते अगदीच नवं होतं. इमारतीचा पत्ता नव्हता, म्हणून एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या गोदामात वर्ग भरायचे. वारा सुटला की वर वाशांना अडकलेला जुना कापूस भुरभुर खाली यायचा आणि प्राध्यापक डोक्यावर कापूस घेऊन शिकवत राहायचे. मुली आम्ही आठच. वादविवाद मंडळात मुलींना प्रवेश होता, पण तो स्वागतगीतापुरता. पाहुणे आले की आठजणींनी ओळीत उभं राहायचं, गीत म्हणायचं आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचं. मग मुलगे भाषणं करणार आणि आम्ही टाळ्या वाजवणार.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तोंडावर दिगंबर सरोदेला गालगुंड झालं. बोलणं सोडा, त्याला पाणी गिळता येईना. बोधनकर सर तर्कशास्त्र शिकवायचे आणि त्यांच्या वर्गात प्रश्न विचारणारी एकटी मीच होते. बाकीचे झोपलेले असत. सरांनी प्राचार्यांपुढे माझं नाव टाकलं. प्राचार्य हिवरकरांनी मला ऑफिसात बोलावून चष्म्यावरून बघत सांगितलं, "मिस गावंडे, एकवार प्रयोग करून पाहू. जमलं तर पुढल्या वर्षी आणखी मुलींचा विचार करता येईल. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. स्वागतगीत आहेच."

बाहेर सातजणी दाराला कान लावून उभ्या होत्या. कुंदा पेटी वाजवायची आणि आमच्यात सगळ्यात हुशारही तीच. तिनं माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं. "वच्छे," ती म्हणाली, "तू बोलायचंस. कशीही बोल, पण बोलायचंस. मला पुढच्या वर्षी पेटी वाजवायची नाही."

म्हणजे स्पर्धेची ढाल कॉलेजची होती, पण माझ्यावर ओझं होतं ते या आठजणींचं.

आता स्वागतगीताबद्दल सांगायला हवं. ते प्राचार्य हिवरकर स्वतः रचायचे. चाल दरवेळी तीच, शब्द मात्र पाहुण्यांप्रमाणे बदलायचे, कारण प्रत्येक पाहुण्याचं नाव यमकासकट आलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. पाहुण्यांची नावं उशिरा कळली की प्राचार्य वर्गावर येत नसत. यमक शोधायला ते गावाबाहेर मळ्यात फिरायला जात. माणूस प्रेमळ, गरीब मुलांची फी स्वतः भरणारा, पण गीताच्या बाबतीत फार हळवा. त्या वर्षी परीक्षक म्हणून निवृत्त न्यायाधीश धर्माळे आणि अकोल्याचे वकील पिंपळखुटे येणार होते. पिंपळखुटे हे नाव कळलं त्या दिवशी प्राचार्य जेवले नाहीत, असं त्यांच्या शिपायानं आम्हाला सांगितलं.

तर आळस. स्पर्धेचा विषय होता: 'आळस हा गुण आहे.' यजमान म्हणून आम्ही अनुकूल बाजूला, अमरावतीचा संघ प्रतिकूल. प्रत्येकी दोन वक्ते. पहिला आमचा, मग त्यांचा, मग पुन्हा आमचा आणि शेवटी त्यांचा. पहिल्या वक्त्यानं विषयातल्या शब्दांच्या व्याख्या करायच्या, अशी तेव्हा प्रथा होती. आणि या प्रथेनं त्या काळच्या वादविवादांचा पार भुगा करून टाकला होता.

आदल्या वर्षीचंच घ्या. विषय होता विज्ञानानं माणूस सुखी झाला की नाही. आमच्या पहिल्या वक्त्यानं 'माणूस'ची व्याख्या केली. प्रतिपक्षानं ती नाकारली, कारण तीत माकड बसत होतं. आमच्या दुसऱ्या वक्त्यानं माकडाची व्याख्या केली. घंटा झाली. विज्ञानाचं नावही कुणी घेतलं नाही. परीक्षकांनी, आमची व्याख्या निदान आखूड होती म्हणून, ढाल आम्हाला दिली. तेव्हापासून बोधनकर सरांचं ठाम मत झालं की स्पर्धा व्याख्येवर जिंकायची असते आणि बाकीची भाषणं लोकांना घरी जायला उशीर व्हावा म्हणून असतात.

"लिहून घ्या," सर म्हणाले. "आळस म्हणजे अनावश्यक श्रम टाळण्याचा विवेक."

मनोहर सरळ बसला. "सर, पण असं म्हटलं तर तो गुणच झाला. वाद कुठं उरला?"

"उरू द्यायचाच नाही," सर म्हणाले, आणि इतके खूश झाले की खडूचा हात त्यांनी स्वतःच्याच कोटाला पुसला. "ते ही व्याख्या नाकारणार. नाकारावीच लागेल, नाहीतर ते बोलतील काय? आणि नाकारली की मिस गावंडे उठून त्यांचा नकार मोडून काढतील."

मग त्यांनी माझं भाषण सांगितलं आणि मी ते पाठ केलं. पहिलं वाक्य होतं, 'प्रतिकूल बाजूने आमची व्याख्या नाकारावी, याचा मला मनस्वी खेद होतो.' त्यापुढं सगळा खेदच होता. त्यांनी व्याख्या अशी नाकारली तर हे उत्तर, तशी नाकारली तर ते. सरांनी नकाराच्या साऱ्या वाटा बंद केल्या होत्या.

"आणि नाही नाकारली तर, सर?" मी विचारलं.

सर हसले. "मिस गावंडे, समोरच्याची व्याख्या मान्य करणारा वक्ता अजून जन्माला यायचाय."

तो अमरावतीत जन्माला आलेला होता आणि स्पर्धेच्या दिवशी दुपारच्या गाडीनं आला. मोहरील त्याचं नाव. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट घातलेला. वाचणाऱ्याच्या मनात आत्ताच काही येत असेल तर सांगून टाकते, मी पुढं त्याच्याशी लग्नबिग्न केलं नाही. त्याच्याबरोबरचा दुसरा वक्ता गोलमटोल होता आणि खिशातून सतत फुटाणे काढून खात होता.

गोदाम गच्च भरलं होतं. कार्यक्रम स्वागतगीतानं सुरू झाला. मी वक्ता असले तरी गीतात माझा आवाज लागतो म्हणून मला आधी ओळीत उभं केलं. कुंदानं पेटी धरली आणि आम्ही सुरू झालो.

"आले आले न्यायमूर्ती धर्माळे, मनी अमुच्या प्रेमाचे उमाळे..."

धर्माळे साहेबांनी मान लववली. प्राचार्य डोळे मिटून बोटांनी ताल धरत होते. मग ती ओळ आली, जिच्यासाठी ते जेवले नव्हते.

"आले परीक्षक पिंपळखुटे, आनंदाला बांध फुटे..."

पिंपळखुटे वकिलांना जोराचा ठसका लागला. लोकांना वाटलं कापूस घशात गेला. कडव्यामागून कडवी आली, मंडपवाल्याचं नावसुद्धा यमकात येऊन गेलं, आणि मग कुठं मी ओळ सोडून वक्त्यांच्या खुर्चीवर बसले. पाय दुखायला लागले होते.

मनोहर पहिला. त्याचा आवाज असा की कर्णा लावायची गरज नसे. त्यानं आळसाची व्याख्या केली, गुणाची केली, आणि वेळ उरला म्हणून सरांनी न सांगितलेली 'सभागृह' या शब्दाचीही केली. सभागृह म्हणजे चार पक्क्या भिंतींची वास्तू. तेवढ्यात त्याची नजर डावीकडच्या टिनाच्या भिंतीवर गेली. "किंवा तीन," तो म्हणाला, आणि घंटा झाली.

बोधनकर सर मागच्या दाराशी उभे होते. त्यांनी समाधानानं हाताची घडी घातली.

मोहरील उठला. हातात एकही कागद नव्हता.

"अध्यक्षमहाराज," तो शांतपणे म्हणाला, "अनुकूल बाजूची व्याख्या आम्हाला मान्य आहे."

सरांची घडी सुटली.

"आळस म्हणजे अनावश्यक श्रम टाळण्याचा विवेक. उत्तम व्याख्या आहे. पण ती मान्य केल्यावर वाद उरत नाही. आणि उरला नसलेला वाद घालत बसणं, हे अनावश्यक श्रमच झाले. म्हणून मी आता बसतो. माझे सहकारीही बोलणार नाहीत."

सहकाऱ्यानं फुटाणे खाता खाता मान डोलावली.

"आता प्रश्न आमच्या समोरच्या भगिनींचा. आळस हा गुण आहे, असं त्यांना मनापासून वाटत असेल, तर त्याही बोलणार नाहीत. आणि बोलल्या, तर त्यांचा स्वतःच्याच व्याख्येवर विश्वास नाही, हे परीक्षकांना वेगळं सांगायला नको." एवढं बोलून तो खरंच बसला.

गोदामात हशा पिकला, शिट्ट्या झाल्या. अमरावतीहून आलेली पोरं बाकं बडवायला लागली. वरून बराच कापूस पडला.

मला काय कळायचं ते कळलं. माझं भाषण पहिल्या शब्दापासून मेलं होतं. खेद कशाचा करायचा? मनोहर माझ्या कानाशी लागला. "वत्सला, बोलू नको. बोललीस की हरलो."

"आणि नाही बोलले तर?"

"तर बरोबरी. बरोबरी झाली तर नियमानं ढाल इथंच राहते. ते समजून राहिले की बाईमाणूस उठली म्हणजे बोलणारच. तू फक्त गप्प बस, बाप्पा. एवढंच काम आहे तुझं."

मी मागं बघितलं. बोधनकर सर एका हातानं 'ऊठ' म्हणत होते आणि दुसऱ्या हातानं 'बस'. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाचे दोन हात असे भांडताना मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. त्यांच्या पलीकडे, अगदी शेवटच्या बाकावर, सातजणी. कुंदाच्या मांडीवर पेटी होती. ती हसत नव्हती, शिट्ट्यांकडेही तिचं लक्ष नव्हतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

मला रडू आलं. खरंच आलं. कॉलेजची ढाल वाचवायची तर मी गप्प बसायचं, आणि गप्प बसले की उद्या प्राचार्य म्हणणार, बघा, मुलीला संधी दिली, तिनं तोंड उघडलं नाही. आणि त्यात खोटं काहीच नसणार. आजवर आम्ही जे करत आलो तेच मी पुन्हा करायचं होतं, फक्त या वेळी पुढच्या खुर्चीवर बसून.

"अनुकूल बाजूच्या दुसऱ्या वक्त्या बोलणार आहेत की नाही?" धर्माळे साहेबांनी विचारलं. आवाज मऊ होता, पण घड्याळ हातात होतं.

मी उठून कर्ण्यापाशी गेले. पोरं ओरडली, "हरले, हरले!"

"अध्यक्षमहाराज," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक आला की तो कर्ण्यातून दुसऱ्याच कुणाचा वाटला. "मोहरीलांनी आमची व्याख्या मान्य केली, याचा मला..." जिभेवर खेदच आला होता. तो मी गिळला. "आनंद होतो. पण त्यांनी ती अर्धीच ऐकली. आम्ही सगळे श्रम टाळायचे म्हटलं नाही. अनावश्यक श्रम म्हटलं. त्यांचं भाषण अनावश्यक होतं, हे त्यांनीच सांगितलं, आणि मला ते पूर्ण मान्य आहे."

आमच्या बाजूची पोरं आता हसली. मला थोडा धीर आला.

"त्यांनी आज भाषण नाही केलं तर काय बिघडलं? पुढच्या वर्षी करतील. त्याच्या पुढच्या वर्षी करतील. त्यांना कुणी अडवलेलं नाही. माझं तसं नाही. मी आज गप्प बसले, तर या कॉलेजात मुलींचा विषय पुन्हा निघायचा नाही. मला तसं सांगण्यात आलंय. तिथं शेवटच्या बाकावर सातजणी बसल्यात. त्यातली कुंदा पेटीवाली माझ्यापेक्षा चांगली बोलते. तिला मी बोलल्याशिवाय बोलता येणार नाही. तेव्हा या गोदामात आज एकच भाषण आवश्यक आहे, आणि ते माझं आहे. ते मी टाळलं तर तो आमच्या व्याख्येतला आळस नव्हे. तो नुसता भित्रेपणा."

मनोहरनं तोंडावर हात घेतला होता. माझ्याकडे बोलायला आणखी काहीही नव्हतं आणि घंटेला खूप अवकाश होता. खाली बसावं तर पाय हलेनात. ते दुखत होतेच, आणि त्यांच्यामुळंच मला पुढचं सुचलं.

"आता अनावश्यक श्रमाचं उदाहरण पाहिजे असेल," मी म्हणाले, "तर ते आपण सगळ्यांनी थोड्या वेळापूर्वी ऐकलं."

मंचावर प्राचार्यांनी डोळे उघडले.

"आठ मुली रोज वर्ग बुडवून तालीम करत होत्या. कशाची? तर पिंपळखुटे साहेब आल्यावर आनंदाला बांध फुटतो, हे सांगण्याची. मी साहेबांचा आदर करते. पण साहेब स्वतः सांगतील, असा काही बांध फुटलेला नाही."

पिंपळखुटे वकिलांना मघाचा ठसका परत लागला, आणि या वेळी तो कापसाचा नाही, हे साऱ्या गोदामाला दिसलं. धर्माळे साहेबांनी रुमाल तोंडाशी नेला. त्यांचे खांदे हलायला लागले.

"आळस हा गुण जर आमच्या अंगी असता," मी म्हणाले, आणि आता मला थांबताच येईना, "तर आम्ही पाहुण्यांना नुसता नमस्कार केला असता. पाहुणे वेळेवर घरी गेले असते, मंडपवाल्यासाठी यमक शोधावं लागलं नसतं, आमचा एकही वर्ग बुडाला नसता. गाणाऱ्याचं भलं, ऐकणाऱ्याचं भलं. ज्यानं सगळ्यांचं भलं होतं त्याला गुण म्हणतात, ही आमची दुसरी व्याख्या. तीही आपल्याला मान्य असावी."

मी बसले. टाळ्या शेवटच्या बाकावरून सुरू झाल्या आणि मग सगळीकडून आल्या. अमरावतीच्या दुसऱ्या वक्त्याला मोहरीलनं कोपरानं ढोसलं. तो बिचारा उठला, फुटाणे गिळले, म्हणाला, "व्याख्या मान्य आहे," आणि बसला.

ढाल आमच्याकडे राहिली. बोधनकर सर धावत आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघितलंत?" ते म्हणाले. "व्याख्या! पहिल्या दिवसापासून सांगतोय मी!"

पण मी प्राचार्यांकडे बघत होते. ते पाहुण्यांना सोडायला निघून गेले. जाताना त्यांच्या खांद्यावर कापूस होता आणि तो झटकायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी बोलावलं. बाहेर पुन्हा सातजणी दाराला कान लावून होत्या. आत शिरताना मी धरूनच चालले होते की आपण सगळं घालवलं.

"मिस गावंडे," ते म्हणाले. टेबलावर गीताचा कागद होता. "हे इतकं वाईट आहे?"

रागावले असते तर बरं झालं असतं. एवढं वाईट मला ढाल हरूनही वाटलं नसतं.

"गीत वाईट नाही, सर."

"मग?"

"आम्हीच का म्हणायचं, एवढंच आहे. दरवेळी आम्हीच. उभं राहून राहून ते ऐकूसुद्धा येत नाही, सर."

त्यांनी कागद जवळ ओढून पुन्हा वाचला. मग कागदावर बोट ठेवून, काहीतरी फार अवघड गणित घातल्यासारखे म्हणाले, "पाचपोरला चाल जमेल?"

"आवाज तर मोठा आहे, सर," मी म्हणाले. त्याहून जास्त काही मला खरं बोलता येण्यासारखं नव्हतं.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या संघात दोघी होतो, कुंदा आणि मी. पाहुणे आले. आठ मुलगे ओळीत उभे राहिले, कडक कपड्यांत, कपाळावर घाम. मनोहरनं सुरुवातच इतकी वरच्या पट्टीत केली की टिनाची भिंत थरथरली, आणि दिगंबर सरोदेनं दुसऱ्या कडव्यात तिसरं म्हटलं. प्राचार्य डोळे मिटून ताल धरत होते. मी वक्त्यांच्या खुर्चीवर मागं रेलून बसले होते. शेजारी कुंदा, तिचे दोन्ही हात रिकामे.

ती माझ्याकडे वाकली. "वच्छे," हळूच म्हणाली, "बसून ऐकलं की गाणं चांगलं आहे गं."

खरंच चांगलं होतं.